जमीन गुरगुरली की

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. परीक्षेच्या हॉलमध्ये एका बाईंनी ओठांवर बोट ठेवलं होतं आणि मी मान हलवली होती. मी वर्गात सगळ्यात कमी बोलते, ते तोंडावरच दिसत असेल, म्हणून त्यांना भरवसा वाटला असेल. पण जिला बोलता येत नाही तिला लिहिता येतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही!

आमच्या डोंगरकड्याच्या बाजूला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. दर थोड्या महिन्यांनी जमीन गुरगुरते. आधी खालून लोखंडी फाटक ओढल्यासारखा आवाज, मग फळीवरची भांडी किणकिणतात, की संपलं. धक्का चार सेकंदांचा, गप्पा चार दिवसांच्या. दहावीत आम्ही अकरा मुली. प्रत्येकीचे दोन किस्से धरले तरी वही भरेल.

*

इतिहासाचे सर शौर्यावर बोलत होते. किल्ल्याचा दरवाजा शेवटपर्यंत न सोडणारा किल्लेदार. आवाज चढलेला, खडू तलवारीसारखा धरलेला.

"सगळे म्हणाले, पळा! पण तो जागचा हलला नाही! कारण—"

तेवढ्यात जमीन गुरगुरली.

आम्ही बाकावरून उठेपर्यंत सर मैदानातल्या लिंबाखाली पोचले होते! खडू हातातच.

पाच मिनिटांनी ते आत आले, रुमालाने चष्मा पुसला आणि म्हणाले, "वेळेवर माघार घेणं हासुद्धा युद्धनीतीचाच भाग असतो. लिहून घ्या."

शीतल म्हणजे आमच्या कबड्डी टीमची कॅप्टन. तिने विचारलं, "सर, हे परीक्षेला येईल का?"

"आत्ताच येऊन गेलं," सर म्हणाले.

सगळा वर्ग हसला. हसली नाही ती फक्त पूजा, माझ्या बाकावरची. आधीच्या एका धक्क्यात तिच्या घरी वरच्या फळीवरून धान्याचा डबा पडला होता, झोपलेल्या धाकट्या बहिणीच्या उशीपासून वीतभर अंतरावर. तेव्हापासून छताखाली बसलं की पूजाचे तळहात घामाने ओले होत. आम्ही दाराजवळचा बाक घेतला होता, तो त्यासाठीच. पण मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा होती. तिथे तीन तास छताखाली बसायचं. मधेच उठून बाहेर गेलं की परत आत घेत नाहीत.

*

एकदा असाच आवाज आला. शीतल ओरडली, "भूकंप!" आम्ही बाहेर. आम्हाला पाहून नववी बाहेर, नववीला पाहून आठवी बाहेर. सगळी शाळा फाटकातून थेट रस्त्यावर!

समोर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर येऊन राहिला होता. आवाज त्याचाच. एवढी पोरं धावत येताना पाहून ड्रायव्हरने घाबरून ब्रेक मारला आणि हात जोडले, "एकेक ऊस घ्या रे लेकरांनो, पण रस्ता सोडा!"

आठवीने लगेच घेतला.

आठ दिवसांनी पुन्हा आवाज आला. आम्ही म्हटलं, ऊसच असेल. एकीनेही मान वर केली नाही. हेडसर धावत व्हरांड्यात आले, तर आम्ही दहा जणी शांतपणे गणितं सोडवून राहिलेल्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला ते म्हणाले, "एवढा धक्का बसला, पण या मुली जाग्यावरून उठल्या नाहीत. याला म्हणतात धैर्य!"

टाळ्या वाजल्या. आम्ही खाली मान घालून उभ्या राहिलो. अकरावी मुलगी पूजा. ती त्या वेळी एकटीच मैदानात जाऊन उभी होती. तिचंच बरोबर होतं, पण तिच्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही.

*

मग मराठीच्या बाईंनी निबंध दिला, 'शौर्य म्हणजे काय?' बहुतेकींनी गाइडमधली रणांगणं उतरवली. बाईंनी वह्या मिटल्या आणि विचारलं, "तलवार किती जणींच्या घरी आहे गं?"

कुणाच्याच नव्हती.

"मग जे घरात आहे त्यावर लिहा."

अश्विनीने तिच्या काकूवर लिहिलं. धक्का बसला तशी काकू गोठ्यात शिरली आणि तिने तिन्ही म्हशी सोडून बाहेर काढल्या.

बाईंनी विचारलं, "आणि काकांना?"

"त्यांना दावं नव्हतं, बाई. ते आधीच बाहेर होते."

पूजाच्या वहीत एकच वाक्य होतं, 'मी रोज शाळेत येते.' बाईंनी ते दोनदा वाचलं आणि दहापैकी दहा दिले.

शीतल उठलीच. "बाई, मी तीन पानं लिहिली. मला सहा काहून?"

"तुझी तलवार फार लांब झाली, बाळा."

*

शीतल पूजाला 'भित्री' म्हणायची. फार वाईट मनाने नाही, पण म्हणायची. तिचं हे म्हणणं एका दिवसात बंद झालं.

शाळेत इंजेक्शन द्यायला सिस्टर आल्या. टेबल लिंबाखाली मांडलं होतं. छत नव्हतं, म्हणून पूजा सगळ्यांच्या पुढे उभी राहिली, टोचून घेतलं, बाजूला झाली. मागे शीतल. सिस्टरने तिच्या दंडाला नुसता ओला कापूस लावला, आणि आमची कॅप्टन धाडकन खाली!

"अगं ए, अजून दिलंच न्हाई!" सिस्टर ओरडल्या.

पूजाने तिचं डोकं मांडीवर घेऊन तोंडावर पाणी मारलं. शीतलने डोळे उघडले आणि बारीक आवाजात विचारलं, "झालं का गं?"

"न्हाई," पूजा म्हणाली. "सुई वाट बघून राहिली तुझी."

*

सराव परीक्षेत मात्र हसण्यासारखं काही झालं नाही. वीस मिनिटं झाली असतील. शेजारच्या वर्गात कुणीतरी टेबल सरकवलं आणि पूजा पेपर टाकून बाहेर गेली. हेडसर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ही घरची परीक्षा आहे, पोरी. मार्चात गेलीस की गेलीस."

तिचे बाबा तिला न्यायला आले. त्यांनी समजूत घातली, "यंदा न्हाई तर पुढच्या साली. एवढी काय तकलीफ घ्यायची? जमीन काय कुठं पळून चालली का?"

"काका, तीच तर हलून राहिली ना!" शीतल म्हणाली. काकाही हसले.

पूजा हळूच मला म्हणाली, "पुढच्या साली तुमी कुणीच नसणार."

मी तिचं दप्तर उचलून फाटकापर्यंत गेले.

*

बोर्डाचं आमचं सेंटर दुसऱ्या गावात होतं. गावाचं नाव सांगत नाही. पहिलाच पेपर मराठीचा, वर्ग नेमका वरच्या मजल्यावर. पूजाचा बाक खिडकीजवळ, तिच्या मागे मी. सुपरवायझर बाई अनोळखी आणि अशा कडक की पंखासुद्धा त्यांना विचारून फिरत असावा. त्यांनी आमच्या कंपासपेट्या उलट्या करून पाहिल्या, पट्टीच्या मागची बाजूसुद्धा वाचली.

पहिला तास गेला. पूजा मधूनमधून तळहात ओढणीला पुसत होती. दुसरा तास गेला. मी स्वतःचा पेपर कमी आणि तिची पाठ जास्त पाहिली.

मग खालून फाटक ओढल्यासारखा आवाज आला. ऊस नव्हता. खिडकीची तावदानं थरथरली, माझं पेन घरंगळलं. निम्म्या मुली उठल्या, पूजाही अर्धी उठली.

"बसा! जागेवर बसा!" बाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की सगळ्या मटकन बसल्या. पूजासुद्धा.

आणि बाई भराभर चालत आल्या आणि त्यांनी पूजाचा डावा हात पकडला!

वाटलं, कॉपी समजून धरलं. आता हिचा पेपर काढून घेतात. मग मला बाईंची बोटं दिसली. ती कापत होती. धक्का कधीच थांबला होता, बोटं थांबली नव्हती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

पूजाने त्या हाताकडे पाहिलं. मग बाईंच्या तोंडाकडे. मग दाराकडे. मग तिने उजव्या हाताने पेन उचललं आणि लिहायला लागली.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाई खिडकीबाहेर बघत उभ्या, हात तसाच. पूजाचं पान भरलं. दुसरं भरलं. उत्तरपत्रिका संपली. तिने पुरवणी मागितली. बाईंनी मोकळ्या हाताने काखेतल्या गठ्ठ्यातली एक काढून दिली, वर दोराही दिला.

पूजाने एका हाताने पुरवणी सरळ केली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, हात सोडता का जरा? पुरवणी बांधायची आहे."

बाईंनी दचकून हात सोडला. पूजाने पुरवणी जोडली, दोरा ओवला, गाठ मारली, टोकं ओढून पाहिली. मग डावा हात पुन्हा बाकाच्या कडेला उघडा ठेवला आणि लिहायला लागली. बाईंनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो हात पुन्हा

आले गं आई, आले! एवढी ओळ लिहून