सेटलमेंटची पाटी

दुपारी रंग वाळेपर्यंत जरा पाठ टेकते. पंख्याचा आवाज लांब जातो, पापण्या जड होतात. टेबलावर मातीची पाटी आहे. शहराचा विसरलेला इतिहास सांगणाऱ्या अशा तीस पाट्या मी सोलापूरच्या रस्त्यांसाठी करतेय. ही शेवटची, सेटलमेंटची. जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इंग्रजांनी तिथं काटेरी तारेत कोंडलं होतं. आमचं घराणं त्याच जमातींतलं. पाटीवर मात्र मी लिहिलंय, ‘जुनी कामगार वसाहत’. आम्ही कुठले, हे आमच्या सोसायटीत कुणाला माहीत नाही.

तहान लागते म्हणून उठते. पाणी पिता पिता स्वयंपाकघराची भिंत संपते आणि तार सुरू होते. समोर बायकांची रांग. रांगेत ठकूआत्या, माझ्या वडिलांची आत्या. तिला जाऊन बारा वर्षं झाली.

"रांगंत ऱ्हा," ती म्हणते. "हजेरी व्हायची हाय, वहीत अंगठा लावायचा हाय."

"आत्या, मला घरी जायचंय."

"पास हाय का?"

तारेबाहेर जायचा पास माझ्याकडं नाही. मी तारेच्या कडेकडेनं चालू लागते. तार भाजीबाजारातून जाते, माझ्या शाळेच्या वर्गातून जाते, सोसायटीच्या जिन्यावरून वर चढते. फाटक कुठंच नाही. वळते, तर पुन्हा आत्याच समोर.

"माजी आय मेली तवा म्या पास मागितला," ती सांगते. जिवंतपणी हे तिनं कधी काढलं नव्हतं. "ती बार्शीकडं, माळावर. पास मिळाला चौथ्या दिशी. मग जाऊन काय बगायचं? गेलेच न्हाई."

मी तिचा हात धरते. हात गार आहे, लहान मुलीच्या हाताएवढा.

"आमी कामगार हुतो असं लिवलंस म्हनं."

"लोक नावं ठेवतील, आत्या."

"तवा बी ठेवायची," ती शांतपणे म्हणते. "पन आमाला सरकारनं कोंडलंतं. तुला कुनी कोंडलंय?"

शिट्टी वाजते. कुणीतरी माझं नाव पुकारतं. ‘हजर’ म्हणायला मी तोंड उघडते.

जाग येते तेव्हा उन्हं उतरलेली असतात. घर बंद, मी एकटी. पाटीवरचा रंग वाळलाय, पण कोपऱ्यात, अजून ओल्या निळ्या रंगात एक अंगठा उमटलाय. मी माझा अंगठा शेजारी धरते. माझा बराच मोठा आहे.

ओल्या फडक्यानं तिन्ही शब्द पुसते आणि खरं ते लिहिते. आमचं आडनावसुद्धा. कोपऱ्याला फडकं लागू देत नाही. उद्या पाटी भट्टीत जाईल, त्या अंगठ्यासकट.