मनातली विनंती

एल्मडाल गावातल्या बेथेल मंडळीत कुणाच्या छातीत कळ आली, तर ती डॉक्टरला आधी कळते की सिग्ने हेडलुंडला, यावर पैज लावता आली असती. पण आम्ही पडलो बाप्टिस्ट, पैजा लावत नाही. सिग्नेकडे प्रार्थना-साखळी होती. कुणाची अडचण, कुणाचं दुखणं तिला फोनवर कळायचं. ती पहिल्या घराला फोन करायची, पहिलं घर दुसऱ्याला, असं करत अकरा घरं. अकरावं घर उलट सिग्नेला फोन करून निरोप म्हणून दाखवायचं, आणि एकही शब्द इकडचा तिकडे झालेला नाही अशी तिची खात्री पटली की साखळी पूर्ण.

साखळीला नियम होते. सिग्नेने ते टाइप करून अकराही घरांत फोनशेजारी चिकटवायला लावले होते. सांगितलं तेवढंच पुढे सांगायचं, ज्याची अडचण त्याच्या परवानगीशिवाय एक अक्षर नाही, आणि प्रश्न विचारायचे नाहीत. हे नियम आले बर्निस स्ट्रँडमुळे. नऊ वर्षांपूर्वी साखळीतल्या पहिल्या घरच्या डोलोरेसच्या मुलीसाठी प्रार्थना मागताना बर्निसने तिचं लग्न किती घाईत उरकावं लागलं तेही पदरचं घालून सांगितलं. ती मुलगी त्यानंतर गावात फिरकली नाही. सिग्नेने बर्निसला साखळीतून काढलं नाही, शेवटच्या जागी नेऊन बसवलं. तिथे सांगायला सिग्नेशिवाय कुणी उरतच नाही. सिग्नेच्या हुशारीला तोड नव्हती, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

ज्याला आपली अडचण उघड करायची नसेल त्याच्यासाठी 'मनातली विनंती' असे. नाव नाही, गाव नाही. देवाला ठाऊक आहे तेवढं पुरे, म्हणून सगळे गुडघे टेकत.

बुधवारच्या सभेत पाच मिनिटं धीराचे शब्द सांगायचं कामही सिग्नेकडेच होतं. ती काही मोठी विदुषी नव्हती. पाव फुगला नाही, गाडी सुरू झाली नाही, मुलगा पत्र लिहीत नाही, अशा घरच्याच गोष्टींतून ती देवावरच्या भरवशाकडे यायची. ओझं एकट्याने वाहू नका, हे तिचं ठरलेलं सांगणं. आम्ही माना डोलवायचो आणि खरोखरच हलके होऊन घरी जायचो.

ती स्वतः मात्र दोन वर्षं एकटीच वाहत होती.

तिचा नवरा अर्व्हिड गावातल्या लोण्याच्या कारखान्यात तीस वर्षं कामाला होता. कारखाना बंद पडला, तो निवृत्त झाला, आणि हळूहळू त्याच्या डोक्यातलं एकेक पान गळायला लागलं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग जेवलो की नाही ते, मग मुलाचा चेहरा. सिग्नेने कुणाला पत्ता लागू दिला नाही. अर्व्हिडला कमी ऐकू येतं, असं तिने पसरवून दिलं, त्यामुळे त्याची असंबद्ध उत्तरं खपून गेली. उपासनेला ती त्याच्या कोपराला हात लावून उठवी, बसवी. गाणी त्याला सगळी पाठ होती, ती तो बिनचूक म्हणे. उपासना संपली की भलेभले त्याच्या कानाशी येऊन ओरडत, "आज थंडी फार आहे, अर्व्हिड!" आणि तो बिचारा दचकून मागे सरके. त्याचे कान आमच्यापेक्षा तिखट होते.

रात्री तो उठून फिरायचा. म्हणून ती जागी राहायची. दर पंधरा दिवसांनी साखळीत एक मनातली विनंती यायची, आणि ती कुणाची हे विचारायचं नाही असा नियमच होता.

त्र्याऐंशी सालच्या जानेवारीतला गुरुवार. सकाळी दहाला दहा मिनिटं होती. पारा शून्याखाली वीस, आणि दुपारपर्यंत वादळ येऊन रस्ते बंद होतील असं रेडिओ सांगत होता. सिग्ने बिटाची बरणी आणायला तळघरात उतरली. तिथे कपड्यांचा पिळा मशीनमध्ये अडकलेला दिसला, तो सोडवत बसली. सात-आठ मिनिटं गेली असतील. वर आली तर स्वयंपाकघरात गार वारं भरलेलं, आणि मागचं दार सताड उघडं.

अर्व्हिडचा कोट खुंटीवर होता. टोपी खुंटीवर होती. दाराशी त्याचा एकच बूट होता आणि घरात घालायची एकच सपात. म्हणजे एका पायात बूट आणि एका पायात सपात घालून तो गेला होता.

ती तशीच शाल ओढून धावली. गॅरेज पाहिलं, मागची गल्ली पाहिली, कोपऱ्यापर्यंत हाका मारत गेली. पण हाकासुद्धा बेताच्याच, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नयेत इतक्या. हे तिने नंतर स्वतःच सांगितलं, आणि सांगताना मान वर केली नाही. वारा बर्फ उचलून रस्त्यावरून फरफटत नेत होता आणि पावलं उमटली तरी बुजून जात होती.

ती परत आली. फोनवर शेरीफच्या कचेरीचा नंबर चिकटवलेला होता. तिने रिसीव्हर उचलला आणि बोटं सवयीने डोलोरेसच्या नंबरावर गेली.

"मनातली विनंती," सिग्ने म्हणाली. "तातडीची."

तातडीची असा शब्द साखळीत कधी आला नव्हता. "सिग्ने, तू बरी आहेस ना गं?"

"नियम, डोलोरेस."

डोलोरेसने फोन ठेवला. सिग्ने पुन्हा बाहेर पडली. या वेळी रस्त्याच्या कडेच्या चरात उतरून पाहिलं. गुडघाभर बर्फात तिचा श्वास पुरेना. तिला वाटत होतं, आता अकरा घरं प्रार्थनेला बसली, आता काहीतरी होईल. ती अशी मनाशी म्हणत असतानाच आत फोन वाजायला लागला आणि ती पडत-धडपडत घरात आली.

बर्निस होती. साखळी पूर्ण करायला. "मनातली विनंती, तातडीची," तिने शब्द न् शब्द म्हणून दाखवला. आणि मग नियम मोडून एक वाक्य जास्तीचं बोलली. "अकराच्या अकरा जण गुडघ्यावर आहेत, सिग्ने. तू काळजी करू नको."

सिग्नेने फोन ठेवला आणि तिच्या डोळ्यांसमोर ती घरं आली. अकरा घरं. एक गिरणीपाशी, दोन शाळेच्या रस्त्यावर, एक नदीकडे, बर्निसचं अगदी गावाच्या टोकाला. प्रत्येक घराला रस्त्याकडे खिडकी. एल्मडालमध्ये माणूस कुठूनही कुठेही गेला तरी यांतल्या एका तरी खिडकीसमोरून जाणारच. आणि तिने नेमक्या याच वेळी गावातले चांगले म्हणावेत ते सगळे डोळे मिटायला लावले होते.

तिने पुन्हा डोलोरेसचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. डोलोरेस प्रार्थनेला बसली की फोनला हात लावत नाही, हे सिग्नेनेच तिला कधीकाळी शिकवलं होतं. पाच, आठ, अकरा. सिग्ने उभ्या-उभ्या पाय आपटायला लागली. चौदाव्या घंटीला फोन उचलला गेला.

"अर्व्हिड घरातून निघून गेलाय," सिग्ने म्हणाली. "कोट नाही, एका पायात बूट नाही. त्याचे कान ठीक आहेत, डोकं ठीक नाही. दोन वर्षं झाली, मी सगळ्यांशी खोटं बोलले. प्रार्थना करा, पण डोळे उघडे ठेवून, खिडकीशी उभं राहून. आणि दिसला तर धावा. यातला एक शब्दही गाळू नकोस, डोलोरेस."

डोलोरेस काही विचारत बसली नाही. फोन खाडकन बंद झाला. सिग्नेने मग शेरीफच्या कचेरीत फोन केला. त्यांची गाडी वीस मैलांवर एका अपघातात अडकली होती, निघतो म्हणाले.

आता ती फोनपाशीच थांबली, कारण साखळी तिच्याकडेच परत येणार होती. एकेका घराला मिनिट धरलं तरी अकरा मिनिटं. घड्याळात ती अकरा मिनिटं गेली. बाहेर एक मोटार हळूहळू गेली, मग दुसरी, माणसं काचा खाली करून बघत होती. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. फोन वाजला नाही. बाकीची दहा घरं निरोप अडवणारी नव्हती, म्हणजे तो बर्निसपर्यंत गेला होता आणि तिथे अडला होता.

त्या वीस मिनिटांत सिग्नेच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. तिला दिसत होती ती बर्निस, फोनला चिकटलेली, दुसऱ्याच कुणाला तरी सांगत असलेली: ऐकलंस का, दोन वर्षं झाकून ठेवलं तिने, आणि आपल्याला शहाणपण शिकवत होती. नऊ वर्षं तिने बर्निसला शेवटच्या जागेवर गप्प बसवलं होतं. आज बर्निसला बोलायला मिळालं होतं. सिग्नेला तिचा विलक्षण संताप आला. मग संतापही ओसरला आणि नुसती भीती उरली.

तिने प्रार्थना करून पाहिली. हजारदा दुसऱ्यांसाठी सहज येणारे शब्द एकही येईना. शेवटी ती नुसतीच म्हणत राहिली, "त्याच्या एका पायात सपात आहे. एका पायात सपात आहे त्याच्या." जणू देवाला ते ठाऊक नव्हतं. पण तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात खरी प्रार्थना होती, असं माझं मत आहे.

चाळीस मिनिटं झाल्यावर दारासमोर बर्फ हटवायचा ट्रक थांबला. आमचे तरुण पास्टर कर्टिस त्यातून उडी मारून उतरले आणि बुटांचा बर्फ न झाडता सरळ आत आले. सिग्ने खुर्ची धरून उभी राहिली. तिला विचारायचा धीर होईना.

"जिवंत आहे," पास्टर म्हणाले. "बर्निसकडे आहे. चला."

ट्रकमध्ये त्यांनी सगळं सांगितलं. दुसरा निरोप कानावर पडताच बर्निस खिडकीकडे वळली. खिडकीखालून तिच्याच अंगणातून पावलं गेलेली होती, एक बुटाचं, एक सपातेचं. भिंतीच्या आडोशामुळे ती बुजली नव्हती. निरोप अर्धाच ऐकून तिने रिसीव्हर तसाच लोंबता सोडला. एकाहत्तर वर्षांची बाई, कमरेचं हाड दुखरं, ती मेलेल्या नवऱ्याचा कोट अंगात आणि दुसरा हातात घेऊन धावली. अर्व्हिड बंद पडलेल्या कारखान्याच्या ओट्यावर बसला होता, दुधाची गाडी येण्याची वाट बघत. उठेचना. गाडी आली की जाऊ म्हणे. बर्निसने त्याला कोटात गुंडाळलं, त्याचा सपातेतला पाय आपल्या स्वेटरच्या आत पोटाशी धरला आणि त्याच्या शेजारी बसून तीही गाडीची वाट बघत राहिली. पास्टरना घेऊन शोधायला निघालेला बर्फाचा ट्रक तिथे आला तेव्हा ती म्हणाली, "आली बघ तुझी गाडी." तेव्हा कुठे तो उठला.

अर्व्हिडच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. बाकी तो वाचला. इस्पितळाच्या व्हरांड्यात बर्निस गालांना मलम लावून बसली होती, दोन्ही गालांवर थंडीने पांढरे डाग उठले होते. सिग्ने तिच्या शेजारी बसली.

"एक सांगायचं राहिलंय," बर्निस म्हणाली. "पहिल्या निरोपानंतर मी खिडकीकडे पाठ करून गुडघे टेकले. एरवी मी दिवसभर खिडकीत असते, सगळा गाव नावं ठेवतो मला त्यावरून. तो माझ्या पाठीमागून गेला, सिग्ने. तुझ्यासाठीच मागत होते गं मी, आणि तो तेव्हाच गेला."

सिग्नेला तिथेच रडू कोसळलं. "पाठ मी करायला लावली तुला," ती म्हणाली. "आणि नंतर वीस मिनिटं बसून तुझ्याबद्दल नको ते मनात आणलं." काय काय आणलं तेही तिने सांगितलं, काही न वगळता. बर्निसने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की तसा फोन करायचं तिच्याही मनात आलं असतं, पण आधी खिडकीकडे लक्ष गेलं.

पुढच्या बुधवारी सभेला झाडून सगळे आले. बाहेर अजून वाऱ्याचा जोर होता, आत कॉफी आणि वेलदोड्याच्या पावाचा वास. सिग्ने नेहमीप्रमाणे पुढे गेली, पण धीराचे शब्द तिने सांगितले नाहीत. ती म्हणाली, आजवर तुम्हाला जे शिकवलं ते मी कधी केलं नाही. देवावर भरवसा आहे म्हणत मी दोन वर्षं तुमच्यापासून लपत होते, आणि तुमच्यापासून लपताना त्याच्यापासूनही लपले.

"माझी एक विनंती आहे," ती म्हणाली. "मनातली नाही, तोंडाने सांगायची. आठवड्यातून एक दुपार कुणीतरी अर्व्हिडजवळ येऊन बसावं. मला झोपायचंय. दोन वर्षांत मी नीट झोपलेली नाही."

त्या सभेत आजवर मागणी व्हायची ती देवाकडे. समोर बसलेल्यांकडे कुणी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे काय करायचं हे कुणालाच सुचेना. पास्टर कर्टिस यांनी सवयीने डोळे मिटले, मान खाली घातली आणि "आपण सगळे सिग्नेच्या या गरजेसाठी प्रभूकडे..." अशी सुरुवात केली.

"जरा थांबा, पास्टर," शेवटच्या बाकावरून बर्निस म्हणाली. "मंगळवार माझा. आता बाकीच्यांनी आपापले वार सांगा, मग मिटा डोळे."