पोटाशी धरलेल्या नळ्या

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दिल्लीत पहाडगंजला आमची एक मराठी मेस होती आणि तिथल्या स्वयंपाकाच्या काकूंच्या शौचतपासणीच्या रिपोर्टमध्ये अमीबा निघाला. औषध घेऊनही तोच रिपोर्ट. मेसच्या सेक्रेटरींनी त्यांना स्वयंपाकघरातून काढलं. राहायची खोली मेसचीच, तीही गेली, म्हणून काकू ट्रंक घेऊन आमच्या क्वार्टरमध्ये आल्या. दिल्लीत त्यांचं दुसरं कोणी नव्हतं.

माझं टाळकंच सरकलं. मी लॅबमध्ये संशोधनासाठी हेच अमीबा वाढवत होते. आतडं पोखरणारा आणि नुसताच पोटात बसून राहणारा, दोन्ही मायक्रोस्कोपखाली हुबेहूब सारखे दिसतात. फरक कळतो तो जेलवर उमटणाऱ्या त्यांच्या एन्झाइमच्या पट्ट्यांवरून, आणि त्यासाठी ते भरपूर वाढवावे लागतात. सेक्रेटरींना म्हटलं, नवी बाई ठेवण्याआधी जरा थांबा. बघू, म्हणाले.

काकूंचे अमीबा मी अंड्यापासून केलेल्या माध्यमावर, काचेच्या नळ्यांमध्ये वाढायला लावले. त्यांना चिमूटभर तांदळाचा स्टार्च लागतो. भात खातात म्हणजे आपल्यातलेच की गं, असं म्हणून काकू कितीतरी दिवसांनी हसल्या.

वाढ छान होत होती आणि ऐन जानेवारीत लॅबची वीज गेली. उद्यापर्यंत येणार नाही, म्हणे! ऊब गेली की अमीबा मेले. पण मीही हट्टाला पेटले होते. घट्ट झाकणांच्या नळ्या पुसल्या, गुंडाळल्या, स्वेटरच्या आत पोटाशी बांधल्या आणि बसमध्ये कोणाचा धक्का लागू न देता घरी आणल्या.

काकूंनी हात पुढे केला. "आण इकडे. माझ्याच पोटातले ना? मग राहू देत माझ्याच पोटाशी."

रजई ओढून त्या भिंतीला टेकून बसल्या, त्या सकाळपर्यंत हलल्या नाहीत. लॅबमध्ये पाहिलं तर अमीबा मजेत सरपटत होते. पुढे पट्टे आले ते बिल्कुल निरुपद्रवी जातीचे. मला रडूच आलं.

सेक्रेटरींना सगळं समजावलं. ते म्हणाले, "पण शेवटी अमीबाच ना?"

"असा अमीबा पुष्कळांच्या पोटात असतो. तुमचाही नमुना द्या, बघून सांगते."

त्यांनी काकूंच्या खोलीची किल्ली माझ्यापुढे सरकवली. सोमवारी काकू चुलीपाशी परत गेल्या. पहिल्या पंगतीला मी मुद्दाम सेक्रेटरींच्या शेजारी बसले. काकू भात वाढत आल्या तेव्हा सेक्रेटरींनी मान वर केली नाही. काकूंनी त्यांना भात वाढला, वर तूप सोडलं.

"सावकाश जेवा," म्हणाल्या.