दादाच्या चेहऱ्याचे चौकोन

सगळा बाजार त्याला शंभरी म्हणायचा. आपल्या व्हिडिओ स्टुडिओत लग्नाच्या टेपवरून सीडी करून देताना तो प्रत्येकाला छातीठोकपणे सांगे, "शंभर वर्षं मरण नाही हिला. टेप टाका खुशाल भंगारात." लोक टाकायचे. ऐकीव माहितीवर एवढी छाती फुगवणारा दुसरा माणूस शोधूनही सापडला नसता.

घरच्या टेपांचे हाल तर विचारूच नका. सीडी झाली की तो त्या टेपा स्टुडिओतच ठेवून घ्यायचा, आणि कोऱ्या संपल्या की त्यांच्यावरच पुढचं लग्न उतरवायचा. घरचे थोडेच मागायला येतात!

पण मोठा भाऊ गेला आणि महिन्याभरात वहिनी आल्या. रुमालात गुंडाळलेली त्यांच्या लग्नाची सीडी त्यांनी टेबलावर ठेवली. दादा जन्माचा अबोल, कॅमेरा दिसला की पळणारा. स्वतःच्या लग्नात मात्र मित्रांनी जबरदस्तीने माइक हातात दिला आणि तो गायला, तेही बेसूर.

"भाऊजी, तेवढं गाणं ऐकवा. चेहरा फोटोत आहे. आवाज कुठेच नाही."

त्याने सीडी उजेडात धरली. मागची चकाकी पापुद्र्यांनी सुटली होती, आरपार दिसत होतं. तीन दिवस त्याने जंग जंग पछाडलं. दादा माइक उचलायचा, तोंड उघडायचा आणि चेहऱ्याचे हिरवे-जांभळे चौकोन व्हायचे. आवाज म्हणाल तर नुसती खरखर.

"मूळ टेप तुमच्याकडेच होती ना?"

"ओल लागली तिला, वहिनी." तो धडधडीत खोटं बोलला.

दादाची मुलगी चित्रकला शिकत होती. तिने पडद्यावरचे ते तुकडे पाहिले आणि हरखून म्हणाली, "काका, किती सुंदर तुटलंय हे!" त्याच्या मस्तकात तिडीक गेली. पण बोलणार कुठल्या तोंडाने?

तिने बापाचे ते हलते चौकोन प्रदर्शनात भिंतभर मोठे करून पुन्हा पुन्हा फिरत राहतील असे लावले. आठवणी अशाच विरतात, वगैरे खाली लिहिलं. लोक माना डोलावत होते. एक दाढीवाला म्हणाला, "असं बिघडायलाही नशीब लागतं." शंभरीला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. मग वाटलं, फोडायचंच तर आधी आपलं.

वहिनी समोर खुर्ची घेऊन बसल्या होत्या. दादाने तोंड उघडलं की दर खेपेला त्या पुढे वाकायच्या. चौथ्या वेळेला त्याला बघवेना.

"वहिनी, ओल नव्हती लागली. मी त्या टेपवर दुसरं लग्न घेतलं."

त्यांनी मान वळवली नाही. "कुणाचं?"

"सिमेंटवाल्यांच्या मुलीचं."

"तिचं तर वर्षभरात मोडलं," वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा पुढे वाकल्या. भिंतीवर दादा माइक उचलत होता.