रिकाम्या खुर्चीशी हस्तांदोलन

आधीच सांगून टाकते, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तोंडावर हसणारी बाई आहे मी. माहेर कोथरूडचं, पेशाने अकाउंटंट, ऑफिस सिंगापूरच्या तांजोंग पगारला. आमच्याकडच्या चिनी मुली भुतांचा महिना आला की अंधार पडायच्या आत घरी पळतात, आणि त्यांची उरलेली कामं खुशाल एकटी बसून उरकणारी मीच. तेव्हा हे असलं काही लिहिताना मला माझीच लाज वाटतेय. पण लाजेपेक्षा राग मोठा आहे... आणि तो कुणावर काढायचा तेच कळत नाही, म्हणून इथे लिहितेय.

गोष्ट दोन हजारच्या दशकातली, साधारण मधल्या वर्षांतली. आम्ही सेंगकांगला राहायचो. मी, नवरा विनय, मुलगी इरा आणि माझे सासरे. त्यांना सगळे पपा म्हणायचे.

पपा क्वेकर होते. हा शब्द मीही लग्न ठरल्यावरच पहिल्यांदा ऐकला. ख्रिस्ती, पण यांच्यात पाद्री नाही, वेदी नाही, गाणी नाहीत. रविवारी गोल करून गप्प बसायचं. कुणाला आतून अगदी राहवलंच नाही तर त्याने उठून चार वाक्यं बोलायची, पुन्हा सगळे गप्प. शेवटी एक वडीलधारं माणूस शेजारच्याशी हात मिळवतं, मग सगळेच एकमेकांशी हात मिळवतात... झाली सभा. हात मिळवल्यावर मग कुणी काही बोलायचं नाही. संपलं म्हणजे संपलं.

पपांचा जन्म नर्मदेकाठचा, आयुष्य गेलं नागपुरात शाळामास्तरकीत. शपथ घ्यायला नकार दिला म्हणून एकदा हेडमास्तरकी हुकली. का, तर "शपथ घेतली म्हणजे एरवी मी खोटं बोलतो असं कबूल केल्यासारखं होतं." बायकोच्या लांबलचक आजारपणात स्वयंपाकापासून सगळं केलं, दोन मुलं वाढवली. दर शनिवारी घरातल्या सगळ्यांच्या चपला-बूट पुसून ओळीने लावायचे. सिंगापूरला आल्यावरही इराचे शाळेचे पांढरे कॅनव्हासचे शूज तेच रंगवायचे. ती इथल्या ढंगात म्हणायची, "आजोबा, नो नीड ला!" आणि हे हसून वाकड्या करंगळीच्या हातात पुन्हा ब्रश घ्यायचे.

आणि खरं बोलणं तर असं, की जीव नकोसा व्हायचा! एकदा महाराष्ट्र मंडळातल्या देसाईबाई अचानक टपकल्या. मी आतून खुणा केल्या, नाहीये म्हणून सांगा. पपांनी दार उघडून शांतपणे सांगितलं, "ती घरात आहे, पण तिला आत्ता तुम्हाला भेटायचं नाही." देसाईबाई पुढे गणपतीत माझ्याकडे बघेनात. आमटी खारट झाली तर "खारट आहे". चांगली झाली तर गप्प. त्यांचं पथ्य, डॉक्टर, अंघोळ, रात्रीची उठबस, सगळं मी केलं. कधी "छान केलंस पोरी" नाही. घरच्या माणसाला कसले आभार, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र एकदा तरी ऐकायचं होतं. हो, होतं! लपवून काय करू?

आता मोठे दीर, सुबोधभाऊजी. लंडनला. पपांचा जीव त्यांच्यात. पपांना इथे आणून सोडताना ते म्हणाले होते, "पपा, दर रविवारी फोन करीन." झालं. हो म्हणजे हो, हे बापाचं आयुष्यभराचं व्रत. मुलाचंही तेच असणार, असं ते धरून चालले. दर रविवारी संध्याकाळी स्वच्छ शर्ट घालून फोनशेजारच्या खुर्चीत बसायचे. पहिले काही महिने फोन आले. मग सणासुदीला. मग तेही नाही. आपण करू म्हटलं तर म्हणायचे, "तो करतो म्हणालाय." शेवटच्या रविवारी मला हाक मारून म्हणाले, "बघ बरं जरा, फोन बंद तर नाही ना पडला?" मी रिसीव्हर उचलून त्यांच्या कानाला लावला. चालू होता. "असू दे," म्हणाले, आणि आत जाऊन पडले. त्याच आठवड्यात गेले.

भाऊजी आले... अंत्यविधी उरकल्यावर. आल्या आल्या सगळं हातात घेतलं. स्मृतिसभा आमच्याच ब्लॉकखाली, व्हॉइड डेकमध्ये. इथे इमारतीचा तळमजला मोकळा असतो, लग्न काय आणि मयत काय, सगळं तिथेच. भर दुपार, लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, वरून मधूनच एलआरटीची छोटी ट्रेन घरघरत जायची. पंधरा-वीस माणसं. त्यांत इथल्या मोजक्या क्वेकरांपैकी आंटी लिम, पपांच्या मैत्रीण. सभा संपवायचं काम त्यांच्याकडे होतं. माझ्या डावीकडे विनय. उजवीकडची खुर्ची रिकामी.

बराच वेळ शांतता. मग भाऊजी उठले. खिशातून कागद काढला! या सभेत कुणी कागद आणत नाही. सुटातला हा माणूस इंग्रजीत बोलू लागला, "दर रविवारी, न चुकता, पपा आणि मी फोनवर बोलायचो. शेवटच्या रविवारी ते मला म्हणाले, मी सुखी आहे बेटा." आवाज कापला. डोळे पुसले. समोरच्या दोघी-तिघींनीही पुसले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाने देसाईबाईंशीसुद्धा खोटं बोलायला नकार दिला, त्याच्याच स्मृतिसभेत हे? विनयला कळलं. तो कुजबुजला, "वैदेही, नको." पण पपांनीच मला सांगितलं होतं ना, राहवतच नसेल तरच उठायचं आणि उठलीस तर खरं तेच बोलायचं. मला राहवत नव्हतं. डोळे मिटले, वाक्य जुळवलं. 'तुम्ही फोन केला नाहीत, आणि ते वाट बघत बसले.' बस, एवढंच. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठणार...

आणि माझा उजवा हात कुणीतरी हातात घेतला.

कुणी उशिरा येऊन बसलं असेल असंच वाटलं. कोरडा, हाडकुळा हात. करंगळी वाकडी, तळव्याला टोचणारी. अंगठ्याने दोनदा दाबलं. पपा रविवारी घरी आम्हाला घेऊन गप्प बसायचे, तेव्हा सभा संपवताना असंच दाबायचे.

मी डोळे उघडले. खुर्ची रिकामी. आणि समोर सगळे उभे राहून एकमेकांशी हात मिळवत होते. सभा संपली होती. माझं वाक्य राहूनच गेलं.

मी तडक आंटी लिमकडे गेले. "तुम्ही इतक्यात का संपवलीत?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी नाही. तू आधी हात मिळवलास. मी बघितलं ना."

"कुणाशी?"

"तेच तर मलाही कळेना... खुर्चीशी. म्हटलं, असेल तुमच्यात तशी पद्धत."

भाऊजी येऊन माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "बरं झालं वेळेत आटोपलंस. माझ्याच्याने पुढे बोलवलंच नसतं." त्यांना खरंच काही वाटत नव्हतं!

वर जाताना लिफ्टमध्ये विनयने माझा हात धरला आणि थबकला. नाकाशी नेला. "पपांचं निलगिरीचं तेल अजून ठेवलंयस?" वाकड्या करंगळीला ते चोळायचे ते तेल. बाटली मी ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच्याच समोर, कचरा थेट खाली टाकायच्या शूटमध्ये टाकली होती. त्यालाही आठवलं असावं. माझा हात सोडून त्याने आमच्या मजल्याचं बटण पुन्हा दाबलं.

लोकांना सांगितलं की सगळे एकच म्हणतात, "किती भाग्यवान! आभार मानायला आले गं तुझे." मीही तसं मानायचा प्रयत्न केला. मनाची समजूत... थकवा, जागरणं, भास, सगळं लावून बघितलं. भास म्हणावा तर तेलाचा वास विनयला कसा आला?

पण खरं सांगू? मला छळतं ते वेगळंच. आभारच मानायचे होते तर नेमक्या त्याच क्षणी का? मी उठून बोलल्यावर का नाही? अंगठा दोनदा दाबला तो 'पोरी, तू केलंस' म्हणून, की 'गप्प बस, त्याला सोड' म्हणून? आयुष्यभर ज्या माणसाने कुणाचं खोटं चालू दिलं नाही, त्याने एकदाच चालू दिलं. ज्याने फोन केला नाही त्याच्यासाठी. आणि तेही माझा हात धरून.