मैनाचे डोळे आले नव्हते

कोन गावच्या मैना भोईरच्या हाताला भारी वेग होता. भिवंडीत मोहिउद्दीन शेठच्या लूमवर, यंत्रमागाच्या शेडमध्ये, ती कांडी भरायची, म्हणजे मोठ्या रिळावरचं सूत धोट्यातल्या छोट्या नळ्यांवर गुंडाळायची. हात चालायचा तसंच तिचं तोंडही चालायचं. लूमच्या खडखडाटात दोन माणसं शेजारी उभी राहून बोलली तरी एकमेकांना ऐकू जात नसे, पण मैनाची थट्टा शेडच्या दुसऱ्या टोकाला बरोबर पोचायची.

पंचाऐंशी-शहाऐंशी सालापासून तिच्या डोळ्यांनी कुरबुर सुरू केली. सकाळी उठली की पापण्यांच्या आत कुणी वाळू टाकलीय असं वाटायचं. दुपारपर्यंत डोळे लाल व्हायचे आणि संध्याकाळी त्यांतून पाणी गळायचं. तिच्या सासूला, ठकुबाईला, पहिलं वर्षभर वाटत राहिलं की सून माहेराच्या आठवणीने रडते.

"काय कमी हाय तुला माझ्या घरात?" ती एकदा चिडूनच म्हणाली.

"आत्या, मी रडत न्हाय. डोळंच रडतात."

मग ठकुबाईने उपाय मांडले. गुलाबपाणी झालं, बकरीचं दूध झालं, काजळ झालं. शेवटी ती सुनेला घेऊन अकलोलीच्या गरम कुंडांवर गेली. तिथल्या वाफेत मैनाने गरम पाण्याच्या फडक्याने डोळे शेकले आणि दिवसभर तिला इतकं बरं वाटलं की परतताना ती गाणी म्हणत आली. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कापसाचं तूस उडायला लागलं आणि डोळे पुन्हा पेटले.

अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत प्रकरण हाताबाहेर गेलं. मैनाच्या शेजारच्या मशीनवर चंद्रा नावाची बाई होती. एका सकाळी तिने मैनाकडे पाहिलं, पदर नाकाला लावला आणि ओरडली, "हिचं डोळं आलंत! हिच्याकडं बघू नका गं कोणी!"

झालं. मोहिउद्दीन शेठ आत आले. माणूस वाईट नव्हता, पण शेडभर डोळे आले तर काम बंद पडेल या धास्तीने त्यांचा चेहराच उतरला.

"मैना, घरी जा. बरी झाल्यावर ये."

"शेठ, माझं डोळं तीन वर्षं असंच हायत. आलं असतं तर तीन वर्षांत तुमची अख्खी शेड आंधळी झाली असती!"

बायका हसल्या. शेठ हसले नाहीत. "बरी झाल्यावर ये," ते पुन्हा म्हणाले आणि वळले.

पंधरा दिवसांनी ती गेली. डोळे होते तसेच लाल, शेठने दारातूनच परत पाठवलं. गावातही बातमी पोचली होती. विहिरीवर बायका तिच्यापासून आपला हंडा लांब ठेवू लागल्या. हळदीला तिला बोलावणं आलं, पण मांडवात तिच्या शेजारची चटई रिकामीच राहिली. कधी नव्हे ती मैना गप्प झाली. आता ती खरोखर रडत होती आणि कुणाला फरक कळत नव्हता.

त्याच सुमारास भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर शकिला नावाची डोळ्यांची डॉक्टरीण आली होती. भिवंडीचीच, कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांच्या घरातली मुलगी, मुंबईला शिकून परतलेली. ठकुबाईने सुनेला तिच्यापुढे नेऊन बसवलं.

शकिलाने टिपकागदाची एक बारीक पट्टी काढली, तिचं टोक दुमडलं आणि मैनाच्या खालच्या पापणीत अडकवलं. पट्टी गालावर लोंबत राहिली. थोड्या वेळाने तिने ती काढून मैनाच्या हातात दिली.

"बघा. जेमतेम टोक ओलं झालंय. चांगल्या डोळ्याने अर्धी पट्टी भिजवली असती. तुमचे डोळे आलेले नाहीत, मैनाताई. तुमचे डोळे सुकलेत."

"सुकलेत?" मैना म्हणाली. "आणि सांजच्याला धारा लागतात त्या कशाच्या?"

"डोळ्यावर कायम एक पातळ, चिकट ओलावा लागतो. तो तुमच्यात टिकत नाही. मग डोळा जळतो, घाबरतो आणि नुसतं पाणी सोडतो. ते पाणी वाहून जातं, डोळा पुन्हा कोरडाच. शेडमधलं तूस, तोंडावरचा पंखा, दिवसभर पापणी न हलवता धाग्याकडे बघणं, याने ते वाढतं. पण एक नक्की. हे कुणाला लागत नाही. बघून नाही, शिवून नाही."

ठकुबाईने तिथेच हात जोडले. मैना मात्र उठून उभी राहिली. "मंग चला बाई, आताच्या आता शेठला सांगा!"

शकिला हसली. "एका बाईसाठी मी गेले तर शेठ म्हणतील, डॉक्टर हिच्या बाजूने बोलते. मला वाटतं हे तुमच्या एकटीचं नाही. लूमवर कितीजणांना हे असेल ते मला बघायचंय. पण बायका माझ्याकडे येतच नाहीत."

"का येतील? डोळं दाखवलं की काम जातं," मैना म्हणाली. मग पदर खोचत म्हणाली, "मी आणते."

डोळ्यांत औषधाचे थेंब घालून ती त्या संध्याकाळपासून कामाला लागली. पहिलं दार चंद्राचं. चंद्राने दार अर्धंच उघडलं. मैनाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिला सगळं कळलं. चंद्राचे डोळेही लाल होते, कडा सुजलेल्या. शेडमध्ये ती पदर खाली ओढून बसायची ते यासाठी.

"मना ठाऊक हाय तू का ओरडलीस ते," मैना म्हणाली. "तुझ्याकडं कोणी बघू नये म्हणून."

चंद्रा तिथेच उंबऱ्यावर बसली. "मना भ्या वाटला गं. तुला काढला तसा मना पण काढतील."

"एकीला घरी बसवायला शेठला काय लागत न्हाय. पण आपल्यासारख्या समद्यांना बसवील तर कांडी कोण भरंल? शेठाणी?"

चंद्राला हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून दारं ठोठावत फिरल्या. सासू नको म्हणाली तिथे मैना सासूचेच डोळे तपासायला निघायची. कागद डोळ्यात घालायला घाबरणाऱ्या बायकांसमोर ती शकिलाने दिलेली पट्टी आपल्या डोळ्यात अडकवून बसायची आणि तशीच चहा प्यायची.

शुक्रवारी लूम बंद असतात. त्या शुक्रवारी शेडमागच्या अंगणात बायका ओळीने बसल्या, प्रत्येकीच्या गालावर पांढरी पट्टी लोंबती. मागून काही विणकरही येऊन बसले. शकिला पट्ट्या काढत होती, बघत होती, बाजूला ठेवत होती. ओल्या इकडे, कोरड्या तिकडे. कोरड्यांचा ढीग वाढतच चालला.

नमाज आटोपून मोहिउद्दीन शेठ आले ते तडक अंगणात. "ये क्या तमाशा है?"

"या, मोहिउद्दीनचाचा," शकिला शांतपणे म्हणाली. ती त्यांना लहानपणापासून ओळखत होती. "तुमच्या शेडमध्ये दर तीन माणसांत एकाचे डोळे सुकलेत. मैनाचा आजार कुणाला लागलेला नाही. तो इथेच, या तुसातून आणि पंख्यातून, ज्याला त्याला आपापला झालाय."

शेठ ढिगाकडे बघत राहिले. मग डोळे चोळत म्हणाले, "डोळे तर माझे पण जळतात. उमरचं आहे ते."

"बसा की मग, चाचा."

शेठ स्टुलावर बसले. दाढीवर पट्टी लोंबायला लागली तेव्हा मागे कुणीतरी फिसकन हसलं. वेळ संपली. शकिलाने पट्टी काढून उन्हात धरली. कोरडी ठणठणीत.

मैनाने दम घेतला आणि शेडमधल्या तिच्या जुन्या आवाजात म्हणाली, "शेठ, घरी जा. बरं झाल्यावर या!"

अंगण फुटलं हसून. चंद्रा हसता हसता खाली बसली. शेठने कपाळाला हात लावला आणि मग त्यांचेही खांदे हलायला लागले. "उद्या शिफ्टला ये, मैना," ते म्हणाले. "वेळेवर ये."

ती दुसऱ्या दिवशी गेली ती ताठ मानेने. महिन्याभरात तोंडावर झोत मारणारे पंखे वळवले गेले. तूस काम चालू असताना झाडायचं बंद झालं. खिडक्यांना ओली गोणपाटं लागली. त्या ओलाव्याने सूतही कमी तुटायला लागलं, हे शेठने स्वतःच चार ठिकाणी सांगितलं. विहिरीवरच्या बायका आता मैनाला हाक मारून थांबवायच्या, "आमचं पण बघ गं जरा."

पुढची काही वर्षं शुक्रवारी मैना शकिलाबरोबर इतर शेडमध्ये फिरली. काही मालकांनी दारातूनच घालवलं. "आमच्याकडे असलं कुणाला नाही," ते म्हणायचे. मैना तिथून हलायची नाही. आत गेल्यावर उत्तर बहुतेक सारखंच यायचं. कुठे थोडे कमी, कुठे जास्त, पण दर शेडमध्ये सुकलेले डोळे निघायचेच. तिचे स्वतःचे डोळे कायमचे बरे झाले नाहीत. थेंब आणि रात्रीचा शेक सुटला नाही. पण आग ताब्यात आली आणि लाज गेली ती कायमची गेली.

पंच्याण्णव साली मोहिउद्दीन शेठने तिला कांडीखात्याची मुकादम केलं. पहिल्याच आठवड्यात कामाला गोदू नावाची नवी बाई लागली. चाळिशीची, गप्प, पदर भुवयांपर्यंत ओढलेला. तिसऱ्या दिवशी मैना तिच्यापाशी थांबली.

"डोळं जळतात?"

"न्हाय ओ मुकादमबाई," गोदू घाईने म्हणाली. "मना काय झाला न्हाय. मना काढू नका."

मैनाने हात उंचावून मशीनी थांबवायला सांगितल्या. कांडीखातं शांत झालं.

"बायांनो," ती ओरडली, "ज्यांचं डोळं जळतात त्यांनी हात वर करा!"

चंद्राचा हात सगळ्यात आधी वर गेला. मग दुसरा, मग कोपऱ्यातले दोन, मग पलीकडच्या रांगेतले. हसत, बांगड्या वाजवत, तूस लागलेले हात वर जात राहिले. मैनाने आपलाही हात वर धरला. गोदूने हळूच पदर मागे सारला आणि त्या सगळ्या हातांकडे बघत बघत आपला हात वर केला.