परत केलेली सुपारी

आष्टीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या तोंडाशीच संपतचं घर. दारातल्या लालीला सारा गाव 'संपतची घोडी' म्हणायचा आणि ते ऐकलं की त्याच्या बायकोची, दुर्गाबाईची, तळपायाची आग मस्तकात जायची. संपतचं काय होतं त्या घोडीत? लग्नसराईत तिच्या पाठीवर मखमली झूल टाकायची, हलगीच्या तालावर तिला नाचवायचं आणि मग पंगतीत शेवटचा बुंदीचा दाणा संपेपर्यंत बसायचं. घामेजलेली घोडी तोवर उघड्या वाऱ्यात उभी. घरी आणली की म्हणायचा, "बघ गं जरा हिला."

जरा! सगळा हिवाळा दुर्गाबाईचा दिवस लालीच्या पायांशी उजाडायचा. ओली लीद उपसून कोरडं भुसकट पसरायचं, अंगात ऊब येईस्तोवर खरारा करायचा, दंव वाळल्याशिवाय चरायला सोडायचं नाही. गोणपाटाच्या दोन पदरांत फाटकी लुगडी भरून तिनं घोडीला अंगभर पांघरूण शिवलं होतं. पडवीच्या उघड्या बाजूला तुराट्यांचा तट्टा बांधून तो शेणानं लिंपला होता. गार पाण्यानं पोटात कळ उठते म्हणून दोन्ही वेळचं पाणी ती चुलीवर कोमट करून पाजायची.

"माणसं गार पाण्यानं न्हातेत अन् घोडीला ऊन पाणी," सासू साळूबाई चुलीकडं बघत म्हणायची.

"माणसं कुरकुरतेत तरी, आत्याबाई. ती कुणापाशी कुरकुरंल?"

दुष्काळ सरून दुसरा हिवाळा होता तो. अडलेली लग्नं धडाधड उरकत होती. आणि लाली गाभण होती. दहावा महिना. हिला यंदा कुणापुढं नाचवायचं नाही, हे दुर्गाबाईनं दिवाळीतच बजावलं होतं आणि संपतनं मान हलवली होती. संपतची मान फार लवकर हलायची.

माघ लागला आणि देवळीत दिवा ठेवताना दुर्गाबाईच्या हाताला सुपारी लागली. घोडी ठरवायची ती सुपारी देऊन. घेणाऱ्यानं कपाळाला लावली की शब्द पक्का. ती परत केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"कुणाची ही?"

"अप्पारावच्या पोराचं लगीन हाय. नवरदेवाचा परण्या मारुतीपतुर वाजतगाजत न्यायचा अन् आणायचा," संपत पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला. "नाचवत न्हाई. नुसतं चालवतो."

"हलगी वाजल्यावर चालंल का ती? चाबूक दाखवू दाखवू तुमीच शिकवलं ना? हलगी कानावर पडली की तिचे पाय तिचे ऱ्हातेत का?"

"आमी नवव्या महिन्यात निंदायला जायचो," साळूबाई मधेच म्हणाली. "घोडीचे कसले लाड!"

"मी बी गेल्ते. तव्हा मला कुणी इचारलं न्हाई, म्हणून हिला मी इचारून राह्यले."

"मंग आता कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू?" संपत चिडला.

"तुमचं तोंड ऱ्हाऊ द्या घरी. मला हाय."

पदर खोचून ती तडक अप्पारावच्या ओट्यापुढं जाऊन उभी राहिली. अप्पाराव म्हणजे गावातला बडा जमीनदार. तो मांडववाल्याला सूचना देत होता.

"मालक, ही तुमची सुपारी. घोडी गाभण हाय. नाचली तर गाभ टाकील."

"लग्नघरी सुपारी परत?" अप्पारावचा आवाज चढला. "संपत कुठाय? माणसाचा सौदा माणसाशी होतो."

"दाणापाणी मी करते. सौदा माझ्याशी."

"बाई, बारा गावांत तुझ्या घोडीला कुणी हुंगणार न्हाई."

"बराबर. तेवढीच निवांत ऱ्हाईल."

सुपारी पायरीवर ठेवून ती निघाली.

परण्याच्या दिवशी उन्हं कलली आणि फुलांनी मढवलेली जीप रस्त्यावर आली. मारुतीकडं सरळ जायचं सोडून ती नेमकी संपतच्या दारात थांबली.

"वाजवा रे हितंच!" अप्पाराव ओरडला. "बिलकुल दणकून!"

पहिल्याच थापेला लालीचे कान ताठ झाले. दुसऱ्या थापेला पुढचा पाय वर आला, पाठीवरचं पांघरूण घसरलं. दुर्गाबाईनं तिची मान कवटाळली. पोटाला हात लावला तर ते दगडासारखं कडक झालेलं.

पण गारठ्यानं हलगी ढिली पडली होती, आवाज फुटत नव्हता. "दम धरा मालक, कातडं शेकू द्या," म्हणत हलगीवाल्या कडूबानं रस्त्याकडेला तुराट्यांचा जाळ केला. हलगी एकदा तापली की काय होणार, हे दुर्गाबाईला कळत होतं. तिनं सांजच्या कोमट पाण्याची बादली उचलली, बाहेर आली आणि सगळी त्या जाळावर उपडी केली.

चर्र झालं. धूर नवरदेवाच्या बाशिंगात शिरला.

"ए बाई! अक्कल हाय का?"

"हाय. तीच वापरली. पोटातल्या जिवावर सूड उगवायला आलात, मालक? पोराच्या लग्नाच्या दिवशी?"

कडूबानं पडवीत डोकावून पाहिलं, घोडीचं पोट पाहिलं. मग हलगीवर थाप मारली. भद्द आवाज आला.

"न्हाई बोलत आता, मालक. थंडी लई हाय."

त्याच्या खिशातून काडेपेटी चांगली अर्धी बाहेर डोकावत होती. ती अप्पारावलाही दिसली. वऱ्हाडात कुणीतरी फिसकन हसलं आणि जीप धूर सोडत पुढं सरकली.

लालीनं उचललेला पाय खाली ठेवला. दुर्गाबाईनं पांघरूण नीट केलं, पोटावर हात ठेवून ते सैल पडेस्तोवर थांबली आणि रिकामी बादली दारात उभ्या असलेल्या संपतच्या पायाशी आदळली.

"पाणी ठेवा तापत."

संपत निमूट चुलीशी बसला. घोडीसाठी त्यानं पाणी तापवलं ते पहिल्यांदाच. फार तापवलं. त्यावरूनही दुर्गाबाईनं त्याला सोडलं नाही.